प्रीमियर ऑटोमोबाइल्स
भारतातील एक आद्य मोटारनिर्मिती कंपनी. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचे संस्थापक वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी ती १९४४ मध्ये स्थापिली. दुसऱ्या महायुद्धकाळात त्यांच्या मोटारनिर्मितीच्या योजनेस ब्रिटिश सरकारने पाठबळ नाकारले होते. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने मुंबईतील कुर्ला येथे १९४७ मध्ये मोटारींची जुळणी सुरू झाली. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी करार होऊन ‘फियाट ११००’ तयार होऊ लागली. तिचेच उत्तररूप म्हणजे ‘प्रीमियर पद्मिनी’. आयातनिर्बंध व परवानापद्धती यांमुळे या उद्योगास संरक्षण लाभले. तथापि स्पर्धेअभावी गाडीची मूळ रचना दीर्घकाळ बदलली नाही. १९८३ मध्ये आलेली मारुती व १९९१ नंतरचे उदारीकरण यांपुढे तिचा टिकाव लागला नाही. पद्मिनीचे उत्पादन सु. २००० मध्ये थांबले.