कुठला जीपीएस घेऊ, साहेब?

भिलाईच्या पोस्टिंगला आता दीड वर्ष झालं. रविवारी सकाळी सुपेल्याच्या बाजारातून परतताना मी बहुतेक वेळा उस्तादांच्या वर्कशॉपवर चहाला थांबतो. उस्ताद म्हणजे ईएमईचे निवृत्त हवालदार, मूळ साताऱ्याकडचे. मी लेफ्टनंट असताना इंजिन उघडायला त्यांनीच शिकवलं. म्हणून आजही मी त्यांना उस्ताद म्हणतो आणि ते मला साहेब. मुलाची नोकरी इथे, म्हणून तेही इथेच स्थायिक झाले. त्यांच्या तीन गाड्या आहेत. राइस मिल, खडी क्रशर, खाणींच्या बाजूच्या साइट, जिथे जनरेटर किंवा कॉम्प्रेसर बंद पडेल तिथे त्यांची पोरं जाऊन दुरुस्ती करून येतात.

त्या रविवारी त्यांनी विचारलं, "साहेब, गाड्यांना जीपीएस बसवायचाय. कुठला घेऊ?"

कारण आदल्याच आठवड्यात घडलं होतं. नंदिनी रोडच्या गिऱ्हाईकाने फोनवर अक्षांश सांगितला, 21.30. पोराने यंत्रात 21 अंश 30 मिनिटं भरलं. फरक किती? 0.2 अंश, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर. गाडी बेमेतऱ्याच्या दिशेने पळत राहिली आणि गिऱ्हाईक रात्रभर अंधारात.

मी म्हटलं, "उस्ताद, यंत्र नंतर निवडू. आधी थोडा इतिहास ऐका." ते हसले आणि त्यांनी आणखी एक चहा मागवला.

1795 साली कंपनी सरकारचा कॅप्टन ब्लंट चुनारहून निघाला आणि रतनपूर, रायपूर, कांकेर करत गोदावरीकडे उतरला. त्या वेळी हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. त्या काळी रस्त्याचं सर्वेक्षण म्हणजे होकायंत्र, वही आणि मोजणीचं चाक. चाक ढकलत चालायचं, फेरे मोजायचे आणि वहीत लिहायचं: इतक्या मैलांवर ओढा, इतक्यावर गाव, इथे पाणी, इथे घाट. त्या वहीतून एखाद्या गावाचं पृथ्वीवरचं नेमकं ठिकाण कळत नसे, पण मागून येणाऱ्या पलटणीला तिथे कसं पोहोचायचं ते कळे.

दुसरा माणूस विल्यम लॅम्बटन. त्याला वाट नको होती, ठिकाण हवं होतं. 1802 साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्याने त्रिकोणामागून त्रिकोण जोडायला सुरुवात केली. त्याचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं अंशांचं वर्तुळ वाकलं. दुसरं मागवायचं तर इंग्लंडहून. लॅम्बटन तंबूत बसला आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून दीड महिन्यात त्याने ते वर्तुळ पुन्हा गोल केलं. ईएमईच्या प्रत्येक जवानाने या माणसाला सलाम करावा. जागेवर जाऊन दुरुस्तीचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

हाच लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी हैदराबादहून नागपूरला जाताना वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे त्याचं काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. या मोजणीतून पृथ्वीच्या आकाराचं जे गणित निघालं, त्याच गणितावर आपल्या जुन्या टोपोशीट बेतल्या गेल्या.

तिसरी गोष्ट माझ्या पिढीची. जीपीएसचा पहिला उपग्रह 1978 साली गेला. यंत्रणा अमेरिकन सैन्याची. नागरी वापराच्या सिग्नलमध्ये ते मुद्दाम चूक मिसळत, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. 1 मे 2000 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती मिसळ थांबली. त्या वेळी मी खडकवासल्याला कॅडेट होतो आणि पाठीवर पॅक घेऊन प्रिझमॅटिक कंपासने टेकड्या शोधत होतो. एका आदेशाने जगभरची यंत्रं रातोरात अचूक होतात, याचा उलटा अर्थही लक्षात ठेवायला हवा. आपण 2013 ते 2016 दरम्यान सात उपग्रह सोडून नाविक उभं केलं, ते त्यासाठीच. पहिल्या उपग्रहांतली काही आयात अणुघड्याळं बंद पडली. 2023 मध्ये एनव्हीएस-01 देशी घड्याळ घेऊन गेला.

इथवर उस्ताद शांत होते. मग म्हणाले, "साहेब, नाल्याची रात्र सांगायची राहिली."

ती रात्र त्यांनाही आठवते, कारण रिकव्हरी गाडीवर तेच होते. पोस्टिंग ईशान्येला, पावसाळा. आमचा एक ट्रक घसरला होता आणि ड्रायव्हरचा हात अडकून चिरडला होता. वायरलेसवर जीपीएसचे आकडे आले. मी ते जुन्या टोपोशीटवर मांडले. बिंदू नाल्याच्या अलीकडच्या रस्त्यावर पडला. आम्ही तिथे पोहोचलो तर ट्रक नाहीच. पलीकडच्या काठावर टॉर्च हलताना दिसत होता आणि मध्ये नाला भरून वाहत होता.

यंत्र बरोबर होतं आणि नकाशाही बरोबर होता. जीपीएसचे आकडे डब्ल्यूजीएस-84 या पृथ्वीच्या गणितावर असतात आणि माझी टोपोशीट एव्हरेस्टच्या गणितावर होती. इथे भिलाईत या दोहोंत दोनशे मीटरच्या आसपास फरक पडतो. ईशान्येला तो तीनशेच्या घरात जातो. हे मला शिकवलेलं होतं. घाईत मी रूपांतर केलं नाही. वळसा घालून पलीकडे पोहोचेपर्यंत पहाट झाली. त्या जवानाची दोन बोटं गेली. वेळेत पोहोचलो असतो तर वाचली असती का, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

उस्ताद काही बोलले नाहीत. ग्लास खाली ठेवून त्यांनी वही उघडली. "आता सांगा, कुठला घेऊ?"

मी सांगितलं ते असं. ड्रायव्हरला वाट दाखवणारं यंत्र वेगळं आणि गाडी कुठे आहे हे मालकाला सांगणारा ट्रॅकर वेगळा. दुकानदार दोन्हींना जीपीएसच म्हणतो. ट्रॅकर घेताना एआयएस-140 मानकाचा आहे का, नाविकचा सिग्नल घेतो का, ते विचारा. वाटेच्या यंत्रात नकाशे आत साठवलेले हवेत, कारण दल्ली-राजहराच्या जंगलात मोबाइलचं नेटवर्क जातं. उपग्रहाचा सिग्नल आकाशातून येत राहतो, पण नकाशाच उतरलेला नसेल तर पडद्यावर नुसता ठिपका दिसतो. मे महिन्यात काचेखाली ठेवलेला फोन तापून बंद पडतो, तेव्हा तो एसीच्या झोतासमोर बसवा. अंश कोणत्या पद्धतीने भरायचे ते तिन्ही गाड्यांत एकच ठेवा आणि गिऱ्हाईकाने सांगितलेला आकडा पोराने फोनवर परत वाचून दाखवल्याशिवाय गाडी हलवू नका. वायरलेसवर आपण हेच करायचो.

"आणि एक वही," मी म्हटलं. "प्रत्येक साइटची."

महिन्याभराने गेलो तेव्हा तिन्ही गाड्यांत ट्रॅकर होते. वाटेसाठी साधे फोनच होते, नकाशे आत भरलेले. महागडं यंत्र त्यांनी घेतलं नव्हतं. डॅशबोर्डवर शंभर पानी वही दोरीने बांधलेली होती. मी उघडून पाहिली. मोडक्या हिंदीत एका पोराने लिहिलं होतं: जीई रोड सोडल्यावर चार किलोमीटर, डावीकडे पिंपळ, मग रेल्वे फाटक, पावसात पुढची पुलिया बुडते, लांबून या.

कॅप्टन ब्लंटला ही वही लगेच वाचता आली असती. मलाही त्या रात्री अशीच एक हवी होती.

जय हिंद.