पाटीतला मासा, भिंतीवरचा मासा

भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनातून बाहेर या. ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवर उभे राहा आणि साठेक वर्षे मागे चला. गाड्यांचे आवाज विरतात. १९६०चे दशक सुरू झाले आहे, महाराष्ट्र राज्य अजून नवे कोरे आहे. केळीच्या वाड्यांतून वाट काढत तुम्ही वसई रोड स्टेशन गाठता.

विरारपर्यंत विजेवरची लोकल १९३६पासूनच धावते आहे. मालडब्यात पाट्या एकमेकींना खेटून बसल्या आहेत. त्यांतून पाणी ठिबकते आणि तुमची वहाण भिजते. एका पाटीत पापलेट आहेत. एक उचलून बघा. अंग चंदेरी, पाठीवर करडी-निळी झाक, कल्ला उघडला की आत लाल. खवले इतके बारीक की बोटांना चिकटून येतात. गाडी खाडीच्या पुलावर धडधडते तेव्हा पाटीची मालकीण बाहेर पाहत असते. गप्प, थकलेली.

चर्चगेटला उतरून काळा घोड्याकडे चाला. १९५२मध्ये उघडलेल्या जहांगीर कलादालनात शिरा. समोर तीच उभी आहे! मान लांब, हात लांब, नजर कुठेतरी दूर, जवळ मासळीची पाटी. सगळ्या कॅनव्हासवर एकाच रंगाचे राज्य.

हे चित्रकार बी. प्रभांचे चित्र. नागपूरजवळच्या बेला गावी १९३३मध्ये जन्मलेल्या प्रभा नागपूरच्या कलाशाळेतून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आल्या. त्यांची चित्रे अणुशास्त्रज्ञ होमी भाभांनी घेतली. १९५६मध्ये एअर इंडियाने सहा घेतली, साडेसत्याऐंशी रुपयांना एक.

जवळ जाऊन मासा निरखा. खवले नाहीत, कल्ल्यातली लाली नाही. एक सपाट, निमुळता आकार आणि भोवतालच्या रंगातूनच निघालेला त्याचा रंग. तरी तो ओळखू येतो, कारण त्याचा भार त्या बाईच्या अंगात उतरला आहे. डब्यात तुमची नजर चांदीवर खिळली होती. इथे मासा आणि ती वेगळे काढताच येत नाहीत. आधुनिक चित्रकलेचे मोठेपण मला इथे दिसते: हुबेहूबपणा सोडून तिने नाते रंगवले.

आता २०२३मध्ये या. पापलेट राज्यमासा झाला आहे, कारण पिल्लेच जाळ्यात येऊन त्याची संख्या घटते आहे. मासा वाचवायचा तर त्यावर जगणारी बाईही त्याच चौकटीत हवी, हे प्रभांच्या रंगांनी कधीच सांगून ठेवले होते. म्हणून ही चित्रे एकदा वसईत यावीत, आणि त्यांच्यासमोर सर्वांत आधी आपल्या मासळीबाजारातल्या बायकांना उभे करावे.