शिलेदारांचे रंग

जबलपूरच्या जुन्या वस्तीतील कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक असले, तरी १८१७ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांच्या हाती गेलेल्या या शहराची दुसरी ओळख छावणीचे गाव अशीच आहे. आज तेथे केंद्र असलेली ग्रेनेडियर्स रेजिमेंट ज्या मुंबई पलटणींचा वारसा सांगते, त्या पलटणींच्या काळातील लष्कराची सर्वांत देखणी रंगीत नोंद ग्लॉस्टरशायर रेजिमेंटचे मेजर ए. सी. लव्हेट यांच्या जलरंगांत आढळते.

लव्हेट यांची ७२ चित्रे मेजर जी. एफ. मॅकमन यांच्या मजकुरासह १९११ मध्ये लंडनहून ‘द आर्मीज ऑफ इंडिया’ या नावाने प्रसिद्ध झाली, आणि त्यांतील पूना हॉर्ससारख्या रिसाल्यांच्या सवारांकडे पाहिले की फेट्याच्या घड्या, गुडघ्यापर्यंत उतरणारा कुर्ता आणि कमरबंदावर आवळलेला पट्टा हे सारे रोज कवायतीवर पाहणाऱ्या डोळ्यानेच टिपले आहे, याची खात्री पटते. या पोशाखांतील वैविध्याचे एक मोठे कारण शिलेदारी हे होते. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा मराठेशाहीतील भेद इंग्रजांनी उचलला. त्यांच्या बहुतेक हिंदी रिसाल्यांत सवार भरतीच्या वेळी घोडा व सरंजाम यांपोटी ठरावीक रक्कम भरी, या व्यवस्थेतील जागेला ‘असामी’ म्हणत, आणि कपडेलत्ते सरकारी कोठारातून न येता रिसाला स्वतःच खरेदी करीत असल्याने प्रत्येकाचा थाट निराळा राही.

चेहरे मात्र लव्हेट यांनी एका साच्यात ओतले नाहीत, हे त्यांचे मोठेपण मान्य करावेच लागते. साचा आहे तो चित्राखालच्या ओळीत, जेथे रेजिमेंटच्या नावाशेजारी शिपायाची जात वा जमात नोंदलेली असते. काही जातीच जन्मतः लढवय्या असतात या तत्कालीन सिद्धांताची ती मांडणी होती, आणि त्याच सिद्धांतापायी १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबविण्यात आल्यामुळे या संग्रहात त्यांना जागाच उरली नव्हती. वस्तुतः १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली मुंबईची पलटण पुढे याच ग्रेनेडियर्सच्या परंपरेत सामील झाली. तेथील स्तंभावर धारातीर्थी पडलेल्यांची जी नावे कोरली आहेत, त्यांतील बावीस नावे ‘नाक’ या महारी उपपदाने संपतात, आणि १८९४ मध्ये निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी सरकारकडे केलेल्या अर्जात भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी होती.