खडकाची नक्कल नव्हे

तुमसर तालुक्यात आंबागडाचा किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे, त्याचा खडक सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टपेक्षा कितीतरी जुना. भंडारा जिल्ह्याचा बहुतेक पाया असल्याच प्राचीन रूपांतरित खडकांचा आहे. मग इतका अस्सल दगड दाराशी असताना चढाईच्या सरावासाठी प्लायवूडच्या भिंतीवर पैसा का घालावा? हा आक्षेप वजनदार आहे, पण बंदिस्त सभागृहातली बोल्डरिंगची, म्हणजे दोराविना चढाईची, भिंत म्हणजे खडकाची नक्कल, हे त्यात गृहीत धरले आहे. सुरुवातीला ती नक्कल होतीही. १९६४ साली इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठातले शारीरिक शिक्षणाचे अध्यापक डॉन रॉबिन्सन यांनी एका बोळाच्या विटांच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले. मात्र दगड एकदा भिंतीत चिणला की चढाईही कायमची ठरून जाते. पुढे पाट्यांना ओळीने भोके पाडून मागून नट ठोकले गेले, हातापायांच्या पकडीसाठी राळेचे होल्ड बोल्टने आवळले जाऊ लागले आणि कालची चढाई उतरवून आज नवी रचता येऊ लागली. १९८८ मध्ये जर्मन प्रस्तरारोहक वोल्फगांग ग्युलिखने तर पुढे झुकलेल्या फळीवर नुसत्या लाकडी पट्ट्या ठोकल्या, कारण पाय न टेकवता बोटांच्या बळावर वर झेपावण्याचा सराव त्याला हवा होता. तशी फळी निसर्गात कुठेही सापडणार नाही. इथे नक्कल संपली आणि साधन जन्मले.

मराठी माणसाला ही वाट परकी वाटू नये. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले, ते कुस्तीचे पूरक साधन म्हणून. खांब काही मल्ल नव्हे. पण त्याची जाडी, वर निमुळती होणारी मान, एरंडेल लावलेला गुळगुळीतपणा, हे सारे शरीराकडून नेमके काय करून घ्यायचे ते ठरवूनच आले. पुढे तोच स्वतंत्र खेळ झाला. खांब मात्र सर्वांना सारखाच, भिंत सतत बदलते, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे, आणि भिंतीची खरी कारागिरी त्या बदलण्यातच आहे. २०१६ आणि २०१७ साली गिरिविहार संस्थेने नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा भरवली. अशा स्पर्धेत चढाया आधी कोणाला दिसत नाहीत. रूट सेटर त्या रचतो आणि खेळाडूला समोर उभे राहून त्या वाचाव्या लागतात. खडक ही परीक्षा एकदाच घेऊ शकतो.

म्हणून भंडाऱ्यात अशी भिंत उभारायची झाली, तर सिमेंटचे खोटे कडे घडवण्यात पैसा घालवू नये. ते दिसायला छान, पण बदलता येत नाहीत. खर्च आधी कोनांवर व्हावा: नवशिक्यांसाठी मागे कललेला स्लॅब, मग सरळ भिंत, मग निरनिराळे ओव्हरहँग, म्हणजे पुढे झुकलेले भाग. दुसरा खर्च जाड गाद्यांवर, कारण इथे दोर नसतो आणि प्रत्येक चुकीचा शेवट जमिनीवर होतो. तिसरा वायुवीजनावर, वैदर्भीय उन्हाळ्यात घामेजलेल्या बोटांना होल्ड धरवत नाही. विरोधक विचारतील, मग आंबागडाचे काय? भिंतीवर तयार झालेली मुले तिथे जरूर जावीत, पण जाणत्यांच्या सोबतीने आणि गडाच्या तटबंदीला हात न लावता.