देवनारचा वायू आणि शहराचे गावकूस

गावाने महारवाडा-मांगवाडा ओढ्याच्या उताराला ठेवला. वरच्यांचे वापरलेले पाणी खाली जावे, खालच्यांचे वर येऊ नये, हा त्यामागचा हिशेब. शहरात गावकूस उरले नाही, असे सांगतात. मुंबईचा कचरा कुठे गेला हे पाहिले म्हणजे ते कुठे सरकले हे कळते.

१८९६ च्या प्लेगने हादरलेल्या मुंबईने १८९९ पासून महालक्ष्मीहून कचऱ्याची आगगाडी चेंबूरच्या दलदलीकडे सोडली. १९२७ पासून ठाण्याच्या खाडीकाठी देवनारला डम्पिंग सुरू झाले. १९७२ च्या दुष्काळाने गावातून उठवलेले भूमिहीन मुंबईत आले, त्यांतले कित्येक याच कडेला विसावले. त्याच दशकात शहरातून हटवलेल्या झोपडीवासीयांना शेजारी शिवाजीनगरात जागा दिली गेली. दलित आणि मुसलमान कष्टकऱ्यांची ही वस्ती कचरा वेचून जगू लागली.

ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. तिथे ओला कचरा कुजून मिथेन तयार होतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की ठिणगी पुरते. पावसाचे पाणी कचऱ्यातून झिरपून काळे, विषारी होते आणि जमिनीत, खाडीत उतरते. त्यावर उपाय ठाऊक आहेत: तळाला अस्तर, निचऱ्याच्या नळ्या, वायूच्या विहिरी, वर झाकण आणि हवा-पाण्याची नियमित तपासणी.

मुंबईला हे जमते. गोराईचे डम्पिंग २००७ नंतर झाकले, वायू नळ्यांतून ओढून जाळला. कार्बन क्रेडिटपोटी आशियाई विकास बँकेचे आगाऊ पैसेही मिळाले. वायूला बाजारभाव आला, तेव्हा तो मोजला गेला. देवनारचा वायू मात्र तिथल्या माणसांच्या छातीनेच मोजला. जानेवारी २०१६ मध्ये डोंगर कित्येक दिवस जळला, धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, तेव्हा शहराचे डोळे चुरचुरले. आगीनंतर आत जायची बंदी आली ती कचरावेचकांवर.

२००० सालच्या घनकचरा नियमांनी बजावले होते: बंद डम्पिंगवर १५ वर्षे देखरेख ठेवावी, वायू आणि निचरा मानकांत बसला तरच तिथे मानवी वस्तीचा विचार व्हावा. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने देवनारची सुमारे १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचे ठरवले. धारावीत चामडे कमावणाऱ्या आपल्या कितीतरी पिढ्या खपल्या. त्यांना पुन्हा उताराच्याच जागेवर नेले जाणार असेल, तर घराच्या किल्लीआधी आपण वायूचा आणि पाण्याचा आकडा मागितला पाहिजे, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत मोजला गेला पाहिजे.