दादीचा चुडा आणि आफ्रिकेतले हत्ती



दक्षिण आफ्रिकेहून परत आल्यापासून स्थानकात जी भेटते ती एकच विचारते, "सिंह दिसला का?" दिसला. झाडाखाली झोपलेला होता, आमच्याकडे बघण्याचीही तसदी त्यानं घेतली नाही. महाराज बरोबर होते, त्यामुळे जेवणाचे हाल झाले नाहीत. जून म्हणजे तिकडे हिवाळा, साडेपाचच्या आत दिवस मावळतो, त्यामुळे चौविहाराची घाई मात्र रोज व्हायची. हे सगळं सांगून झालं आहे. आज लिहायचं आहे ते क्रुगर नॅशनल पार्कमधल्या एका दालनाबद्दल, आणि तिथून सुरू होऊन थेट आपल्या घरात येणाऱ्या एका जुन्या व्यापाराबद्दल.

क्रुगरमध्ये लेटाबा नावाच्या नदीकाठी त्याच नावाचा एक मुक्काम आहे. तिथे हत्तींचं छोटं संग्रहालय आहे, एलिफंट हॉल. त्या जंगलात एके काळी वावरलेल्या मोठमोठ्या सुळेवाल्या हत्तींचे दात तिथे नावानिशी मांडून ठेवले आहेत. शावू नावाच्या हत्तीचे दोन्ही दात तीन-तीन मीटरहून लांब आहेत. मी शेजारी उभी राहिले तर माझ्या दुप्पट होतील. झोंबो नावाच्या हत्तीला १९८३ मध्ये चोरट्या शिकाऱ्यांनी मारलं. बरोबरच्या बायका फोटो काढत होत्या. माझं लक्ष गेलं ते दाताच्या बुडाकडे. हत्तीचा दात मुळाशी पोकळ असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या पोकळ गोल कडेकडे बघताना मला एकदम दादीचा हात आठवला.

माझी दादी मारवाडातून, पालीच्या बाजूची, लग्न होऊन सोलापूरला आली. तिच्या हातात हस्तिदंताचा चुडा होता. मनगटापासून कोपरापर्यंत, आणि कोपरावर दंडापर्यंत पुन्हा. जुना होऊन पिवळसर, सायीच्या रंगाचा झालेला. पोळ्या लाटताना त्याचा खळखळ नाही, एक मऊ टकटक आवाज यायचा. मी चौथीत असताना दादाजी गेले. दंडावरचा चुडा लग्नात, हात कोवळा असताना चढवलेला. तो निघेना, तेव्हा करवतीनं कापून काढला. तुकडे फडक्यात बांधून नदीत सोडायला नेले. त्यानंतर दादी वीस वर्षं जगली. तिचे दंड उघडे पडले तेव्हा तिथली कातडी लहान मुलीसारखी गोरी होती, हे मला अजून दिसतं.

तो चुडा कुठून आला, हा प्रश्न मला साठी उलटल्यावर पडला. आल्यावर वाचायला घेतलं.

हत्ती तर आपल्याकडेही आहेत, मग दात आफ्रिकेतून कशाला? कारण साधं आहे. आपल्याकडच्या हत्तिणीला सुळे नसतातच म्हटलं तरी चालेल, नरांतही सगळ्यांना नसतात. आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही असतात. शिवाय तो दात मोठा, पांढरा आणि कापायला मऊ. चुडा कापायचा तो दाताच्या पोकळ भागातून, म्हणजे कड्याचा आकार आयताच मिळतो. बुडाकडच्या रुंद कड्या दंडासाठी, पुढच्या अरुंद मनगटासाठी. एकाच दातातून अख्खा हात भरतो. पाली हे या कामाचं मोठं ठिकाण. कर्नल टॉडनं राजस्थानबद्दल जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात पालीच्या बाजाराचं वर्णन आहे. कच्छ-गुजरातच्या बंदरांकडून तांड्यांवर येणाऱ्या मालात खजूर, तांबं, नारळ यांच्या बरोबर हत्तीचे दात आहेत.

बंदरांवर ते यायचे समुद्रापलीकडून. हा व्यापार फार जुना. दहाव्या शतकातला अरब प्रवासी अल मसुदी लिहून गेला आहे की आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हस्तिदंत ओमानला जातो आणि तिथून हिंदुस्थान आणि चीनला. क्रुगरच्या वायव्येला लिम्पोपो नदीच्या काठी मापुंगुब्वे नावाची टेकडी आहे. तेराव्या शतकात तिथे एक श्रीमंत राज्य होतं. तिथे सापडलेला सोन्याचा इवलासा गेंडा जगप्रसिद्ध आहे आणि २००३ पासून ती जागा जागतिक वारशात आहे. मला मात्र गेंड्यापेक्षा तिथल्या काचमण्यांचं अप्रूप वाटलं. त्यांतले पुष्कळ मणी हिंदुस्थानात बनलेले. त्याच भागातल्या जुन्या वस्त्यांमध्ये हस्तिदंतावर काम केल्याच्या खुणाही मिळाल्या आहेत. म्हणजे इकडून मणी आणि कापड जात होतं, तिकडून सोनं आणि दात येत होते, आणि दोन्हीकडच्या बायका नटत होत्या.

पुढे पोर्तुगीज आले, तरी कापड इकडचंच लागायचं. आजच्या मोझांबिक देशाच्या किनाऱ्याजवळ मोझांबिक नावाचंच एक बेट आहे. क्रुगरची पूर्वेची हद्द ज्या देशाला लागते तोच हा देश. १६८६ मध्ये पोर्तुगीजांनी दीवच्या वाणी व्यापाऱ्यांच्या एका मंडळाला दीव ते मोझांबिक या व्यापाराचा मक्ता दिला. त्या कंपनीचं पोर्तुगीज कागदांतलं नाव वाचून मी थबकले. 'माझानेस'. म्हणजे आपले महाजन! हा मक्ता १७७७ पर्यंत, नव्वद वर्षं चालला, आणि मक्ता संपला तरी व्यापार चालूच राहिला. गुजरातच्या विणकरांकडून तिकडच्या आवडीचं कापड विणून घ्यायचं, वाऱ्याबरोबर जहाज हाकारायचं, ते कापड आतल्या मुलखात जाणाऱ्या तांड्यांना उधारीवर द्यायचं आणि परतफेड दातांनी घ्यायची. याओ नावाच्या जमातीचे लोक शेकडो मैल चालत दात किनाऱ्यावर आणायचे. याच जहाजांतून गुलाम माणसंही आणली गेली, दीव-दमणला आणि पुढे. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

या वाणी व्यापाऱ्यांत हिंदू होते तसे जैनही होते. इथेच मी अडकले.

मैत्रिणींनो, आपण रोज प्रतिक्रमण करतो. सातव्या व्रताच्या अतिचारात पंधरा कर्मादानं येतात, म्हणजे श्रावकानं न करण्याचे पंधरा धंदे. मी ती वयाच्या आठव्या वर्षापासून पाठ म्हणते आहे. इंगालकम्मे, वणकम्मे करत गाडी धडधडत पुढे जाते, अर्थाकडे कोणाचं लक्ष असतं? त्यात सहावं आहे दंतवाणिज्जे. दातांचा व्यापार. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाला भगवान महावीर हे सगळं समजावून सांगतात. आनंद काही गरीब नव्हता, त्याच्याकडे गाड्या होत्या, जहाजं होती. सांगितलं आहे ते व्यापाऱ्यालाच.

आणि केसवाणिज्जे म्हणजे काय? मला वाटायचं, लोकरीचा वगैरे धंदा असेल. टीकाकारांनी अर्थ दिला आहे की केस असलेल्या जिवांची, म्हणजे दासदासींची आणि जनावरांची विक्री. दीवच्या त्या जहाजावर दोन कर्मादानं शेजारी शेजारी बसून आली होती.

दंतवाणिज्याचा दोष का, हेही टीकेत आहे, आणि ते वाचून मी थक्क झाले. व्यापारी जंगलातल्या शिकारी लोकांना दातांसाठी आगाऊ पैसे देऊन ठेवतो. आता शेठ येईल, त्याला माल द्यायचा आहे, म्हणून ते लोक घाईनं हत्ती मारतात. बास, एवढंच. हजार-बाराशे वर्षांपूर्वी आपल्या आचार्यांनी आगाऊ रकमेचा आणि हत्तीच्या मरणाचा संबंध दाखवून दिला होता. मी बी.कॉम.ला मागणी-पुरवठा शिकले तेव्हा कोणी इतकं नेमकं उदाहरण दिलं नव्हतं. मोझांबिकला उधारीवर दिलेलं कापड म्हणजे दुसरं काय होतं?

पण एक पळवाटही आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात दंतवाणिज्याची व्याख्या केली, ती 'आकर' या शब्दावर उभी आहे. आकर म्हणजे जिथे माल निपजतो ती जागा. दात, केस, नखं, हाडं, कातडी या वस्तू आकरात जाऊन घेणं हा दोष. मग तिथे न जाता लांबच्या बाजारात घेतलं तर? पालीच्या दुकानात घेतलं तर? शब्दावर बोट ठेवणाऱ्याला वाट मोकळी. आचार्यांचा हेतू मारण्याला बळ मिळू नये हा होता, असं मला वाटतं. पण हेतू कोण पाहतो? दात आफ्रिकेत निघाला, मोझांबिकला विकला, दीवला उतरला, पालीत कापला आणि सोलापुरात एका तेरा वर्षांच्या नव्या नवरीबरोबर आला. प्रत्येक हाताला वाटलं, आपण आकरात नव्हतो.

आणि मागणी कधी संपणारी नव्हती, कारण चुडा आईकडून मुलीला जात नव्हता. सवाष्ण गेली तर तिच्याबरोबर जळायचा, नवरा गेला तर दादीच्या चुड्यासारखा कापला जायचा. दरेक नवरीला नवा. आपल्या सौभाग्याच्या आणि वैधव्याच्या रीतीनं हत्तींचा हिशेब कायम उघडा ठेवला. मुंबई मोठं बंदर झाल्यावर हाच माल मुंबईत उतरू लागला. चुड्याचा इथे राहायचा, बाकीचा लंडनला जायचा. गोऱ्या साहेबांनी बिलियर्डच्या चेंडूंसाठी आणि पियानोच्या पट्ट्यांसाठी जे हत्ती मारवले ते आपल्यापेक्षा कमी नसतील, आणि बंदूक घेऊन शिकारीची मौज करणारे तर तेच. क्रुगरचा पहिला राखीव तुकडा १८९८ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्या भागात हत्ती जवळजवळ उरले नव्हते. आज तिथे वीस हजारांहून जास्त आहेत. तरी दुसऱ्याच्या खात्यावर जास्त नावे आहे म्हणून आपलं खातं कोरं होत नाही.

आपल्याकडे हे थांबलं ते धर्मानं नाही, कायद्यानं. १९७२ चा वन्यजीव कायदा, १९८६ च्या दुरुस्तीनं देशी हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी, १९९१ च्या दुरुस्तीनं आफ्रिकेतल्यालाही. त्याआधी १९८९ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला होता. व्यापारी कोर्टात गेले, पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत, आणि २००३ मध्ये हरले. आता चुडा प्लास्टिकचा मिळतो. आमच्या गड्ड्याच्या जत्रेत पांढऱ्या बांगड्यांचे ढीग असतात. माझ्या मुलीच्या लग्नात मीही तसलाच आणला, आणि तिनं तो आठ दिवसांत काढून ठेवला.

तिकडची बाजूही सांगायला हवी. बोट्स्वाना, नामिबिया, झिंबाब्वे ही राज्यं म्हणतात, आमच्याकडे हत्ती भरपूर आहेत, ते आमच्या लोकांची शेतं तुडवतात, मग नैसर्गिक मरणानं मिळालेले दात आम्ही का विकू नयेत? अशी विक्री १९९९ आणि २००८ मध्ये करूही दिली, गिऱ्हाईक जपान आणि चीन. रात्रभर शेत राखणाऱ्या बाईला मी अहिंसा शिकवायला जाणार नाही. पण एकदा बाजार उघडला की मेलेल्याचा दात कोणता आणि मारलेल्याचा कोणता, हे दुकानात ओळखू येत नाही.

मोझांबिकमध्ये गोरोंगोसा नावाचं अभयारण्य आहे. १९७७ ते १९९२ तिथे यादवी युद्ध चाललं, दोन्ही बाजूंनी हत्ती मारले, दहातले नऊ संपले. शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं की युद्धाआधी तिथल्या शंभरातल्या अठरा-एकोणीस हत्तिणी जन्मतः बिनसुळ्यांच्या होत्या, युद्धानंतर त्या एक्कावन्नच्या आसपास गेल्या. सुळेवाल्या मारल्या गेल्या, बिनसुळ्यांच्या जगल्या आणि त्यांच्याच मुली पुढे वाढल्या.

परतायच्या आदल्या दिवशी आम्हाला भेटवस्तूंच्या एका दुकानात नेलं. शहामृगाच्या कातडीच्या पर्सेस, अंड्यांची टरफलं, आणि एका काचेत हत्तीच्या शेपटीच्या केसांची काळी, वळलेली कडी. आमच्यातल्या एकीला ती फार आवडली. चांगली धर्मशील बाई आहे, दर पर्युषणात अठ्ठाई करते. मी म्हटलं, अगं, हत्तीचे केस आहेत. ती म्हणाली, "तो तर केव्हाच मेलेला असेल. आणि आपण काय जंगलातून घेतोय? दुकानातून तर घेतोय."

हेमचंद्राचार्यांचा तो शब्द मी तेव्हा वाचलेला नव्हता, नाहीतर बोलले असते. कदाचित नसतेही बोलले. तिनं दोन घेतली, एक स्वतःला, एक सुनेला. विमानात ती माझ्याच शेजारी होती. कडं मनगटात जरा सैल होत होतं, सारखी वर सारत होती.