उदगीरचे तीन जिल्हे आणि आपला डेटाबेस

नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं मला एक प्रश्न हमखास विचारतात: "दादा, वेब फ्रेमवर्क कोणतं घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. वेग, फॅशन, गिटहबवरचे स्टार हे नंतर बघ. आधी हे बघ की वर्षभरानं टेबलचा आकार बदलावा लागला, तर ते फ्रेमवर्क तुझ्या जुन्या डेटाचं काय करतं. आणि हे समजून घ्यायला अमेरिकेतली उदाहरणं नकोत. नांदेड आणि लातूर पुरेसे आहेत.

उदगीर घ्या. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यात, बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा निघाला आणि उदगीर लातुरात गेलं. किल्ला जागचा हलला नाही, पण जिल्हे तीन झाले आणि राज्यंही तीन.

आता १९५५ साली उदगीरला जन्मलेले एक आजोबा डोळ्यासमोर आणा. जन्माचा जिल्हा बीदर, आजचा पत्ता लातूर. तुमच्या टेबलात 'जिल्हा' नावाचा एकच कॉलम असेल तर त्यात काय भरणार? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण कॉलम एकच असल्यामुळे एक उत्तर पुसलं जाणार. ते पुसलं गेलं की वारसनोंद, पेन्शन किंवा नातवाचं जातीचं प्रमाणपत्र अडतं. हेलपाटे आजोबांना पडतात, आपल्याला नाही.

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याचं कलम ८ मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. ते हुबेहूब मायग्रेशन फाइलसारखं आहे. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं सोडून. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलंही सोडून. उलट आदिलाबादकडून किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल नांदेडात. म्हणजे 'सगळा नांदेड इकडे' अशी एक ओळ लिहून भागलंच नसतं. कोणती नोंद कुठं जाणार हे अटीसकट लिहावं लागलं, आणि लिहिलं म्हणूनच आज वाचता येतं.

आपल्या क्षेत्रात ही शिस्त फार उशिरा आली. जँगो हे पायथनचं फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात घडलं आणि जुलै २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यात 'सिंकडीबी' नावाची कमांड होती. ती नवीन टेबल बनवायची, पण आधीपासून असलेल्या टेबलला हात लावायची नाही. कॉलम वाढवायचा तर डेटाबेसमध्ये जाऊन स्वतःच्या हातानं बदल करा. रुबीच्या रेल्समध्ये २००५ पासूनच मायग्रेशन होती. जँगोवाल्यांसाठी अँड्र्यू गॉडविननं २००८ मध्ये 'साउथ' नावाचं वेगळं पॅकेज केलं. पुढं २०१३ मध्ये त्यानं किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे केले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये जँगो १.७ सोबत मायग्रेशन थेट फ्रेमवर्कमध्ये आली. तब्बल नऊ वर्षं लागली बघा.

तर आता मायग्रेशन बहुतेक फ्रेमवर्कमध्ये असते. मग तपासायचं काय? माझ्या चार परीक्षा आहेत.

पहिली परीक्षा नावाची. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. समजा तुम्ही जिल्ह्याचं नावच प्रायमरी की केलंय. जँगोमध्ये त्या ऑब्जेक्टचं नाव बदलून सेव्ह केलं, तर जुनी ओळ बदलत नाही, शेजारी नवीन ओळ तयार होते. जिल्हे दोन, आणि सगळे तालुके अजून जुन्यालाच चिकटलेले. जनगणनावाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. २०११ च्या यादीत नांदेड ५११, लातूर ५२४, उस्मानाबाद ५२५. नाव बदललं तरी ५२५ हा आकडा त्याच जिल्ह्याकडे बोट दाखवतो. म्हणून फ्रेमवर्क स्वतःहून आकड्याची की देतं का आणि कॉलमचं नाव बदलल्यावर 'हे नाव बदललंय का?' असं विचारतं का, ते बघा. जँगो विचारतो. पायथनमधलंच अलेम्बिक आपोआप फाइल बनवताना जुना कॉलम काढून नवा घालतं. ती फाइल न वाचता चालवली की डेटा गेला.

दुसरी परीक्षा अर्थाची. निजामाच्या दप्तरात साल फसली असायचं आणि पैसे हाली सिक्क्यात. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतं, पण वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्यामुळे एका फसली वर्षात दोन इसवी सनं येतात. सात हाली म्हणजे सहा कळदार रुपये. कॉलमचा प्रकार बदलणं सोपं आहे, आतला अर्थ बदलणं अवघड. म्हणून फ्रेमवर्कला विचारा: आकार बदलण्याच्या पायऱ्यांमध्ये मला माझा कोड चालवता येतो का? आणि मूळ आकडा शेजारी जपून ठेवता येतो का? १३६४ फसली हे खोडून नुसतं १९५४ लिहिलं, तर उद्या कोर्टात कागद जुळणार नाही.

तिसरी परीक्षा अर्धवट राहण्याची. १ नोव्हेंबरला अर्धा देगलूर मुंबई राज्यात आणि अर्धा अधांतरी, असं चाललं नसतं. पोस्टग्रेसमध्ये टेबलचे बहुतेक बदल ट्रान्झॅक्शनमध्ये होतात, मध्ये फसलं की सगळं पूर्ववत. मायएसक्यूएलमध्ये असा बदल केला की आधीचं काम आपोआप कमिट होतं. पाचपैकी तिसरी पायरी फसली तर पहिल्या दोन तशाच राहतात. याचा अर्थ फ्रेमवर्क एकट्याचं तपासू नका, खाली कोणता डेटाबेस आहे तेही सोबत धरा.

चौथी परीक्षा परत फिरण्याची. रोलबॅकवर लोकांचा फार विश्वास असतो. पण पुसलेला कॉलम परत आणला तर रिकामा कॉलम परत येतो, आतली माणसं येत नाहीत. राजुऱ्याचं बघा. १९५६ मध्ये नांदेडात आला, १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात गेला. म्हणून कुणी १९५६ ची नोंद खोडली नाही, पुढची नोंद लिहिली. चालू सिस्टीमवर आपणही बहुतेक वेळा हेच करायला हवं.

ही सगळी खटपट कशासाठी? मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की आजही १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडीतले कागद पुन्हा बाहेर निघाले. राज्य बदललं, चलन बदललं, लिपी बदलली, तरी ज्यांचे कागद टिकले त्यांच्या हातात काहीतरी पुरावा आहे. आपण लिहितो ती सॉफ्टवेअरं पुढची दप्तरं आहेत, आणि त्यातला कॉलम कसर लागून हळूहळू जात नाही. एका कमांडमध्ये जातो.

तेव्हा फ्रेमवर्क निवडताना डेमो ॲप करू नका. तीन टेबल करा: जिल्हा, तालुका, आणि कोणता तालुका कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या जिल्ह्यात होता त्याचं एक. त्यात उदगीर भरा. मग बीदर, उस्मानाबाद, लातूर असे बदल एकेक मायग्रेशन लिहून करा. शेवटी विचारा, १९५५ साली उदगीर कुठल्या जिल्ह्यात होतं? उत्तर 'बीदर' आलं तर फ्रेमवर्क घ्या.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या तालुक्याचे जिल्हे किती वेळा बदलले ते घरातल्या मोठ्यांना विचारून कळवा. भेटू पुढच्या भागात.